मामा तलावावरचा बोर्ड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निवृत्त झाल्यावर आठवड्याला एक लेख लिहायचा असं ठरवलं होतं, पण निवृत्त माणसाला मुळी वेळच नसतो हे एव्हाना लक्षात आलंय. असो. आजचा विषय घरचा आहे आणि वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच आहेत. तेव्हा आधीच सांगून टाकतो, पूर्ण वाचा आणि मग रागवा.

झालं असं, की दिवाळीत आम्ही सगळे चुलतभाऊ गावी जमलो होतो. गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर गप्पा रंगल्या आणि मोठे दादा म्हणाले, "आपल्या तलावावर एक बोर्ड लावू या. ग्रॅनाइटचा, सोनेरी अक्षरांचा." मजकूरही त्यांनी तयार ठेवला होता. हा तलाव मालगुजार कैलासवासी अमुक अमुक यांनी बांधला, असा. म्हणजे आमचे पणजोबा. वर्गणी तिथल्या तिथे ठरली. मीही दोन हजार रुपये कबूल करून मोकळा झालो. पुण्या-नागपुरात वाढलेल्या आमच्या मुलांना आपलं घराणं काय होतं ते निदान कळेल तरी, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो. तिथे काकाजी भेटले. (नाव लिहीत नाही. घरचे ओळखतील.) त्यांच्या तीन पिढ्या आमच्याकडे सालदार होत्या. ते स्वतःही तरुणपणी दहा-बारा वर्षं आमच्या बांधीत राबले. आता वय ऐंशीच्या पुढे. नातू नागपूरला नोकरीला आहे.

"बोर्ड लावून रायले म्हंतेत?" त्यांनी विचारलं. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती.

मी हो म्हटलं. मजकूर सांगितला. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"बांधला तुमच्या पणज्यानं, खरं हाये. पन माती कोनं वाह्यली, थे बी लिव्हा नं, भाऊ."

बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. बाजाराची यादी देताना एखादी राहिलेली वस्तू आठवून सांगावी, तसं ते म्हणाले आणि बिडी पेटवून निघून गेले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडच्या तलावांना सरकारी कागदांत 'मामा तलाव' म्हणतात. यात मामाचा काही संबंध नाही. 'माजी मालगुजारी तलाव' याचं ते लघुरूप. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत असं सांगतात. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखा मोठा तलाव तिकडे गेला, तरी आमच्या वाट्याला पुष्कळ उरले. धानाचं पीक या पाण्यावर उभं. रोवणी झाली आणि मध्येच पावसाने दडी मारली, की तलावाची मोरी उघडायची. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्या, अशी साखळी. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून पाळ कुठे घालायची हे ठरवणारे कोहळी समाजातले जाणते लोक होते. गोंड राजांच्या काळापासून ही विद्या इथे आहे.

म्हणजे गंमत बघा. यातले कितीतरी तलाव 'मालगुजारी' या शब्दापेक्षा जुने आहेत. भोसल्यांच्या काळात पाटील हा सारा गोळा करून देणारा माणूस होता. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत या पाटलांना, मालगुजारांना गावाची मालकी देऊन टाकली. काल सारा गोळा करणारा आज मालक झाला. गावासोबत पडीक जमीन, झाडझाडोरा आणि तलावही त्याचे झाले. आमच्या पणजोबांनी तलाव नव्याने बांधला की जुन्याची पाळ उंच केली, याचा घरात एकही कागद नाही. आहे ती फक्त आजीची गोष्ट.

आजी ती गोष्ट फार छान सांगायची. उन्हाळ्यात पाळीचं काम निघालं की घरटी एक माणूस यायचा. टोपल्या, फावडी, बैलगाड्या. वाड्यातून आंबील जायची. लोक किती आनंदाने यायचे, असं ती म्हणायची. आम्ही नातवंडं डोळे मोठे करून ऐकायचो. साठ वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की, घरटी एक माणूस आला नाही तर काय व्हायचं? त्या माणसाला मजुरी काय मिळायची? आंबील ही मजुरी नव्हे. या कामाला आपल्या भाषेत एक शब्द आहे, बेगार. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात तो शब्द इंग्रजी मजकुरातसुद्धा तसाच लिहिलेला आहे, कारण त्याला दुसरा शब्द नव्हता. घटनेने जी गोष्ट गुन्हा ठरवली, ती आमच्या घरात गोष्ट म्हणून सांगितली जायची.

आता जरा लांब घेऊन जातो. मागच्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. ती व्हर्जिनिया राज्यात राहते. एका रविवारी तिने आम्हाला माँटिचेलोला नेलं. थॉमस जेफरसनचं हे घर. सगळी माणसं समान जन्माला येतात असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा हा माणूस. त्याच्या मालकीची आयुष्यभरात मिळून सहाशेहून जास्त गुलाम माणसं होती. मी घुमट, खिडक्या, पुस्तकं बघायला गेलो होतो. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी मात्र अर्धा वेळ त्या घरात आणि शेतात राबणाऱ्यांबद्दल सांगितलं. स्वयंपाकी कोण, सुतार कोण, खिळे करणारी मुलं कोण. नावानिशी. तेव्हा मला वाटलं, काय हे, पाहुण्यांसमोर कशाला घरातली उणीदुणी काढायची? (हो, वाटलं असं. आता लाज वाटते.)

परत आल्यावर मुद्दाम त्या राज्याचा इतिहास वाचला आणि एक प्रकरण फार जवळचं वाटलं. ऑगस्ट १८३१ मध्ये तिथे नॅट टर्नर नावाच्या गुलामाने बंड केलं. पन्नासहून अधिक गोरी माणसं मारली गेली आणि त्याच्या सुडात कितीतरी निरपराध काळी माणसं. राज्य हादरलं. जानेवारी १८३२ मध्ये तिथल्या विधानसभेत गुलामगिरी ठेवायची की नाही यावर उघड चर्चा झाली. गुलामगिरीमुळे आपलं राज्य मागे पडतंय, कष्टाची किंमत जातेय, असं कितीतरी सभासद बोलले. जेफरसनच्याच नातवाने, थॉमस जेफरसन रँडॉल्फने, हळूहळू मुक्ती देण्याची योजना मांडली. ४ जुलै १८४० नंतर जन्मणारी गुलामांची मुलं मोठी झाल्यावर राज्याच्या ताब्यात येतील, मजुरीवर दिली जातील आणि त्या कमाईतून त्यांना देशाबाहेर पाठवलं जाईल. मुक्तीसुद्धा कशी, तर तुमच्याच घामाच्या पैशाने तुम्हाला घालवून देणारी. तीही नको झाली. आत्ताच काही कायदा करावा ही सूचना ५८ विरुद्ध ७३ मतांनी पडली. दोनच महिन्यांत काळ्या माणसांनी प्रवचन करण्यावरच बंदी आली.

पण थांबा. त्याच काळात त्या राज्यात सुधारणा बंद होत्या का? मुळीच नाही. जेम्स नदीच्या कालव्यात राज्याने मोठा पैसा घातला. पुढे रेल्वे आली. १८५१ च्या राज्यघटनेने जमीन नसलेल्या गोऱ्या पुरुषांनाही मताचा अधिकार दिला. कालवा सुधारला, मतदान सुधारलं. न सुधारलेली गोष्ट एकच, कालवा खणणाऱ्या हातांचा मालक कोण. मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम त्या कालव्याच्या कामावर होते. आणि १८३२ मध्ये ज्यांच्या आयुष्याबद्दल ती चर्चा चालली होती, त्यांच्यातला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. ५८ सुद्धा मालकांच्याच बाजूचे आणि ७३ सुद्धा.

आमचे पणजोबा आणि व्हर्जिनियाचे जमीनदार सारखेच होते असं मला म्हणायचं नाही. तिकडे माणूस बाजारात विकला जायचा, आईपासून लेकरू तोडलं जायचं. आमच्याकडे तसं नव्हतं. ही तुलना मी सरसकट केली तर तो दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होईल. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघण्याची कल्पना माझी नाही. जोतीराव फुल्यांनी ती १८७३ मध्येच केली. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली आणि आठच वर्षांनी जोतीरावांनी आपल्या पुस्तकाला नावच 'गुलामगिरी' दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं, ते मला तलावाच्या पाळीवर उभं राहूनही दिसलं नव्हतं.

आता आमच्याकडच्या सुधारणेकडे येतो. मालगुजारी गेली ती ३१ मार्च १९५१ ला. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा १९५० मध्ये झाला आणि त्या दिवसापासून गावं सरकारजमा झाली. फार मोठी गोष्ट होती ती, यात शंका नाही. कुळाला मालगुजारापुढे वाकून उभं राहण्याचं कारण उरलं नाही. पण त्या कायद्याने काय केलं ते नीट बघा. आमच्या घरची स्वतःची शेती, सीर आणि खुदकाश्त, आमच्याकडेच राहिली. गेलेल्या हक्कांची भरपाई मिळाली. त्याचे कागद अजून ट्रंकेत आहेत. कुळांना जमिनीवर पक्का हक्क मिळाला. तलाव सरकारकडे गेला, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे. म्हणजे मालकाला भरपाई, कुळाला जमीन, सरकारला पाणी. आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, फक्त माती वाहण्याचं काम होतं, त्याला? बेगार संपली एवढंच. मोकळे हात मिळाले, रिकामे.

अमेरिकेतही हेच झालं होतं. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर द्यायचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देववली. मग त्याच शेतात, त्याच मालकाकडे, वाट्याने. आमच्याकडे त्याला साल धरणं म्हणतात. वर्षाचं ठरलेलं धान्य आणि पैसे, वरून उचल, आणि ती उचल फिटेपर्यंत पुढचं साल.

मालगुजारी गेल्यावर तीनच वर्षांनी, मे १९५४ मध्ये, आमच्याच भंडाऱ्यातून बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला राखीव जागेवर उभे होते. १९३७ मध्ये कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडणारा माणूस. ते हरले. निवडणूक हरण्याची कारणं अनेक असतात, त्यात मी पडत नाही. पण आमच्या घरात १९५१ ची गोष्ट शंभर वेळा ऐकली आणि १९५४ ची एकदाही नाही. काकाजींच्या घरी बरोबर उलटं आहे. एकाच गावात दोन इतिहास नांदतात आणि बोर्ड लावायची वेळ आली की एकच इतिहास ग्रॅनाइटवर चढतो.

दादांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी टाळणार नाही. ते म्हणतात, "मालगुजार होते तोवर तलाव जपले गेले. आता बघ. गाळ भरलाय, बेशरम माजलीय, मोरी गळते. सरकारचं म्हणजे कोणाचंच नाही." यातलं वर्णन अगदी खरं आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तलाव मालकाच्या प्रेमामुळे टिकले नाहीत, फुकटच्या श्रमामुळे टिकले. फुकटचे हात गेले आणि विकतचे हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून गाळ साचला. सुधारणा फार झाली म्हणून तलाव बिघडले नाहीत, ती अर्ध्यावर थांबली म्हणून बिघडले. आणि याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि बेगारीत माती वाहणाऱ्यांची मुलं-नातवंडं माती वाहण्याची मजुरी हक्काने मागू शकली. काकाजी त्या कामांवर गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा पाळीवर माती टाकून पैसे मोजून घेतले, असं त्यांनीच मला सांगितलं. माझ्या मते तलावाच्या इतिहासातली खरी मोठी तारीख तीच.

अजूनही ही गोष्ट संपलेली नाही. २०१७ मध्ये सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आणली. चांगली योजना. पण तलावातला सुपीक गाळ जातो कुठे? ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या शेतात. ज्याला शेत नाही त्याने गाळ कुठे टाकायचा, अंगणात? दुसरीकडे मासेमारी करणारे ढिवर. तलावात कोणत्या वनस्पती असल्या तर मासा टिकतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या लोकांनाच सोबत घेऊन, त्यांचं ज्ञान वापरून, तलावातली बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावण्याचं काम केलं आहे. ज्याचं पोट तलावावर आहे त्याच्या हाती तलाव दिला तर तो जपला जातो, हे समजायला आपल्याला इतकी वर्षं लागली.

तर सांगायचा मुद्दा असा. सुधारणा मोजायची असेल तर मालकाकडून काय काढून घेतलं एवढंच बघू नये. राबणाऱ्याच्या हातात काय पडलं आणि ठरवणाऱ्यांच्या बैठकीत तो बसला होता का, हे बघावं. व्हर्जिनियाच्या सभागृहात तो नव्हता. दिवाळीच्या रात्री आमच्या ओसरीवरही तो नव्हता.

गावाहून निघायच्या आदल्या दिवशी मी ती जुनी ट्रंक उघडली. तलाव कोणी बांधला याचा कागद सापडला नाहीच. सापडली ती सालदारांची वही. कोणी किती उचल घेतली, किती फिटली, किती बाकी. त्यात काकाजींच्या आज्याचं नाव आहे, आणखी अकरा जणांची नावं आहेत. पुढे अंगठे. ज्यांची नावं तलावावर कुठेच नाहीत, त्यांची नावं कर्जाच्या वहीत मात्र आम्ही जपून ठेवली!

मी दादांना फोन केला. म्हटलं, बोर्ड लावू या, पण पणजोबांच्या नावाखाली ही बारा नावंही घालू या. शेवटी ओळ टाकू, की ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत अशा गावकऱ्यांनी बेगारीत या पाळीची माती वाहिली. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेगार हा शब्द नको. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, दादा, लोकांना माहीत आहे. माहीत नव्हतं ते आपल्यालाच.

"बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

घरच्या मंडळींना विनंती एवढीच. तुमच्याकडे जुन्या वह्या, पत्रं असतील तर बघा. आत्याबाई, मोठ्या वहिनी, तुम्हाला कोणाची नावं आठवत असतील तर कळवा. काकाजींनाही विचारणार आहे, पण त्याआधी आपलं घर धुंडाळू. बाकीच्या वाचकांनीही आपापल्या गावच्या तलावाची, वाड्याची, देवळाची माती कोणी वाहिली ते एकदा घरात विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते जरूर लिहा.

माझे दोन हजार रुपये मी अजून दिलेले नाहीत. मजकूर ठरला की देईन.